ठाणे–नवी मुंबई परिसरातील सार्वजनिक वाहतूक

ठाणे खाडीलगतच्या ठाणे व नवी मुंबई या दोन शहरांना परस्परांशी, मुंबईशी आणि कल्याण, पनवेल, उरण या बाजूंशी जोडणारी रेल्वे व बसची प्रवासी व्यवस्था. तिच्यात मध्य रेल्वेची उपनगरी सेवा, दोन महापालिकांचे परिवहन उपक्रम (टीएमटी व एनएमएमटी), मुंबईची बेस्ट, राज्य परिवहन महामंडळाची एसटी आणि नवी मुंबईतील मेट्रो यांचा समावेश होतो. ठाणे हे जुने गाव. त्याच्या कुशीतून रूळ गेले. नवी मुंबईत मात्र रेल्वेची आखणी शहराच्या आराखड्यातच होती आणि वस्ती पुढे तिच्याभोवती वाढली. दोन्हीकडच्या सोयी आणि गैरसोयी बऱ्याच अंशी या फरकातून आल्या आहेत.

आरंभ : मुंबईहून ठाणे, कल्याण व पुढे घाटांपर्यंत लोहमार्ग न्यावा ही कल्पना मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना १८४३ मध्ये भांडुपला गेले असताना सुचली, असे जुन्या लेखनात नमूद आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे (जीआयपी) कंपनीला १८४९ च्या कायद्याने अधिकृत रूप मिळाले. कंपनीच्या उभारणीत नाना शंकरशेट व जमशेटजी जीजीभॉय यांचा वाटा होता. मार्गाचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली होते आणि बांधकामाचे कंत्राट फॅव्हिएल व फाउलर यांच्याकडे होते. रूळांतील अंतर ५ फूट ६ इंच (१,६७६ मिमी) ठरले आणि तेच पुढे भारताचे रुंदमापी प्रमाण झाले.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी निघाली. अंतर सुमारे ३४ किमी, डबे १४ आणि निमंत्रित सुमारे ४००, याविषयी फारसे मतभेद नाहीत. निघण्याची वेळ कोणी ३.३० तर कोणी ३.३५ देतात. प्रवासाचा कालावधी काही ठिकाणी ५७ मिनिटे, तर काही ठिकाणी सव्वा तास असा आढळतो. वाटेत सायन येथे इंजिनात पाणी भरण्यासाठी गाडी थांबली होती, असे वर्णन आहे. तो थांबा वजा केल्यास दोन्ही आकडे जवळजवळ जुळतात. म्हणून ५७ मिनिटे ही केवळ धावण्याची वेळ आणि सव्वा तास हा थांब्यासह एकूण वेळ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. त्या हिशेबाने धावण्याचा सरासरी वेग ताशी सुमारे ३६ किमी येतो.

‘साहिब’, ‘सिंध’ व ‘सुलतान’ ही तीन इंजिनांची नावे पुढच्या लेखनात सर्रास आढळतात. गाडीला तीन इंजिने होती आणि ती इंग्लंडमधील व्हल्कन फाउंड्री या कारखान्यातून आलेली होती, ही माहिती नावांपेक्षा अधिक भरवशाची आहे. ‘भारतातील पहिली रेल्वे’ हा उल्लेखही सांभाळून करावा लागतो. मद्रासजवळ रेड हिल्स येथे १८३७ च्या सुमारास आणि रुडकीजवळ सोलानी जलसेतूच्या बांधकामासाठी १८५१ मध्ये रुळांवरून मालाची ने-आण झालेली होती. बोरीबंदर–ठाणे गाडीचा मान पहिल्या सार्वजनिक प्रवासी रेल्वेचा आहे आणि तेवढा तो निर्विवाद आहे.

खाडीपलीकडचा विस्तार : १ मे १८५४ रोजी मार्ग कल्याणपर्यंत गेला. त्यासाठी ठाण्याच्या पुढे खाडीवर पूल बांधावे लागले आणि पारसिकच्या डोंगराच्या कडेने, लहान बोगद्यांतून कळवा–मुंब्रा असा वळणाचा मार्ग काढावा लागला. १९१६ मध्ये डोंगराच्या पोटातून सुमारे १.३ किमी लांबीचा पारसिक बोगदा खुला झाला. त्यानंतर जलद गाड्या बोगद्यातून आणि धीम्या गाड्या मुंब्र्यावरून, अशी विभागणी शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली. कुर्ला–ठाणे व दिवा–कल्याण या टप्प्यांत पाचवी-सहावी मार्गिका आधी झाली. मधला ठाणे–दिवा टप्पा मात्र रखडला आणि लांब पल्ल्याच्या गाड्या तेवढ्या अंतरात लोकलच्या जलद मार्गावर येत राहिल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये हा टप्पा पूर्ण झाला. त्या वेळी मेल-एक्स्प्रेस गाड्यांना पारसिक बोगद्याचा मार्ग मिळाला आणि जलद लोकल मुंब्र्याच्या बाजूने टाकलेल्या नव्या रुळांवर आल्या. वेळापत्रकाला यामुळे मोकळीक मिळाली, पण जलद गाड्यांच्या वाट्याला मुंब्र्याची वळणे आली. वळणावर रूळ एका बाजूने उंच ठेवलेले असल्याने डबा कलतो. शेजारच्या मार्गावरून गाडी येत असेल तर दारात लटकणाऱ्या प्रवाशांमधले अंतर धोकादायक होते. ९ जून २०२५ रोजी याच भागात दोन लोकल एकमेकींजवळून जात असताना प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले. बिगर-वातानुकूलित लोकललाही आपोआप बंद होणारी दारे बसवण्याचा निर्णय रेल्वेने त्यानंतर जाहीर केला. दारे बंद केली की डब्यात हवा कशी खेळवायची, हा त्यातला खरा तांत्रिक प्रश्न आहे. त्यासाठी जाळीची दारे, छतावरचे वायुवीजन संच आणि डब्याडब्यांतून ये-जा करता येईल अशी जोडणी, अशी योजना आहे.

विद्युतीकरण व चालन : मुंबईत पहिली वीजगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला (हार्बर मार्गे) धावली. पद्धत १,५०० व्होल्ट एकदिश (डीसी) प्रवाहाची होती. ठाणे–कल्याणकडील विद्युतीकरण त्याच दशकातले. कमी दाबामुळे प्रवाह मोठा लागे. त्यामुळे तारा जाड आणि उपकेंद्रे काही किलोमीटरांवर एक, अशी दाट ठेवावी लागत. २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती (एसी) पद्धतीत उपकेंद्रे खूप विरळ चालतात आणि जास्त डब्यांच्या गाडीला पुरेसा जोर मिळतो. रूपांतर टप्प्याटप्प्याने झाले. मधल्या काळात दोन्ही दाबांवर चालणारे रेक (डब्यांचे पूर्ण संच) वापरले गेले आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावरील शेवटचा टप्पा बदलल्यावर मध्य रेल्वेवरचा डीसीचा काळ संपला.

बारा डब्यांची लोकल सर्वसाधारणपणे तीन-तीन डब्यांची चार युनिटे जोडून होते. प्रत्येक युनिटात एक मोटर डबा व दोन ट्रेलर (स्वतःची मोटर नसलेले) डबे असतात. एखाद्या मोटर डब्यात बिघाड झाला तर गाडी उरलेल्या तिघांच्या जोरावर चालते, पण वेग पकडायला वेळ लागतो. पाठोपाठच्या गाड्यांत तीन-चार मिनिटांचे अंतर असताना एवढा उशीरही मागच्या गाड्यांपर्यंत पोहोचतो.

पावसाळ्यातील खोळंब्याचे मूळ बहुधा सिग्नल यंत्रणेत असते. रुळांतून सौम्य विद्युतप्रवाह सोडून पुढचा टप्पा मोकळा आहे की नाही हे ओळखले जाते. गाडीची चाके दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह रिलेपर्यंत (सिग्नल बदलणाऱ्या विद्युत कळीपर्यंत) पोहोचत नाही आणि सिग्नल लाल होतो. रुळांवर पाणी साचले, किंवा खडी चिखलाने भरली, तरी प्रवाह तसाच गळतो. यंत्रणा तिथे गाडी आहे असे समजून सिग्नल लाल करते. प्रवाशाला हा बिघाड वाटतो. सुरक्षेच्या दृष्टीने मात्र यंत्रणेने असेच वागणे अपेक्षित आहे. पाण्यात गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्यांची मोटर (पॉइंट मशीन) बंद पडली तर सांधा हाताने फिरवून कुलूपबंद करावा लागतो आणि तोवर गाड्या जागीच उभ्या राहतात. डब्यांखालची विद्युत उपकरणे भिजू नयेत म्हणून रुळांवर थोडे पाणी असेपर्यंत गाडी अगदी मंद गतीने काढतात आणि पातळी वाढली की वाहतूक थांबवतात.

ठाणे स्थानक : मुख्य मार्ग आणि ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारा ट्रान्स-हार्बर मार्ग येथे मिळतात. ट्रान्स-हार्बरच्या गाड्या ९ व १० क्रमांकांच्या फलाटांवरून सुटतात. हे शेवटचे स्थानक असल्याने मोटरमन व गार्ड यांना टोके बदलावी लागतात. आलेली गाडी सुटेपर्यंत फलाट दहा मिनिटे अडला असे धरले, तर दोन फलाटांवरून तासाला बारापेक्षा जास्त गाड्या सुटणार नाहीत. पुढे रूळ कितीही मोकळे असले तरी फरक पडत नाही. कल्याणकडून नवी मुंबईला जाणारा प्रवासीही इथेच उतरून पूल ओलांडतो. हा भार कमी करण्यासाठी कळवा ते ऐरोली असा उन्नत जोडमार्ग ‘एमयूटीपी-३’ (मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाचा तिसरा टप्पा) मध्ये २०१६ साली मंजूर झाला. त्यातील दिघा गाव स्थानक १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाले. कळव्याकडचा भाग रुळांलगतच्या रहिवाशांच्या पुनर्वसनावर अडला. फलाट ५-६ वरची गर्दी जिवावर बेतण्याइतकी झाल्यावर, ३१ मे २०२४ पासून ६३ तासांचा मेगाब्लॉक घेऊन, रूळ सरकवून तो फलाट दोन ते तीन मीटर रुंद करण्यात आला.

नवी मुंबईची रेल्वे : नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. खाडीवरचा पहिला रस्तापूल १९७३ चा, पण रेल्वे यायला आणखी जवळजवळ वीस वर्षे गेली. मानखुर्द–वाशी मार्ग मे १९९२ मध्ये, बेलापूरपर्यंतचा १९९३ मध्ये आणि पनवेलपर्यंतचा १९९८ मध्ये खुला झाला. तुर्भेमार्गे ठाणे–वाशी प्रवासी सेवा नोव्हेंबर २००४ पासून आहे. ती येईपर्यंत ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातला कामगार बसवरच अवलंबून होता. उरण मार्गाचा खारकोपरपर्यंतचा टप्पा नोव्हेंबर २०१८ मध्ये आणि उरणपर्यंतचा जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. विलंबामागे भूसंपादन व वनजमिनीच्या परवानग्या ही मुख्य कारणे होती.

खर्चाची वाटणी सिडको ६७ टक्के व रेल्वे ३३ टक्के अशी ठरली. जमिनीची किंमत रेल्वेमुळे वाढते, तेव्हा ती वाढ ज्याच्या हाती पडते त्याने मार्गाचा खर्च उचलावा, हे त्यामागचे तर्कशास्त्र. स्थानकांवर व लगत व्यापारी संकुले बांधून आणि तिकिटावर अधिभार लावून काही वसुली झाली. अधिभार प्रवासी भरतो, वाढलेल्या किमतीचा लाभ मात्र जमीनधारकाला होतो. ही तक्रार रास्त आहे.

बससेवा : नवी मुंबईत आरंभी सिडकोच्या अखत्यारीतील बॉम्बे मेट्रोपोलिटन ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन (बीएमटीसी) बस चालवीत असे. ती १९८४ मध्ये बंद पडली आणि कर्मचाऱ्यांच्या देण्यांचा प्रश्न पुढे कित्येक वर्षे चालला. नवी मुंबई महापालिकेचा परिवहन उपक्रम जानेवारी १९९६ मध्ये सुरू झाला. ठाण्याची परिवहन सेवा फेब्रुवारी १९८९ पासून आहे. त्याआधी शहरांतर्गत प्रवासाचा बराच भार एसटीवर होता. दोन्ही उपक्रमांच्या गाड्या हद्दीबाहेरही जातात. टीएमटी बोरिवली, मिरा रोड, मुलुंडकडे, तर एनएमएमटी ठाणे, पनवेल, उरण आणि मुंबईकडे धावते.

बसचे काम मुख्यतः स्थानकापर्यंत माणसे आणण्याचे असल्याने वेळेचा हिशेब नाजूक असतो. मार्गावर किती गाड्या लागतील हे एका फेरीचा जाऊन-येऊन वेळ भागिले दोन बसमधील अंतर, या साध्या गणिताने ठरते. उदाहरणादाखल, ठाणे स्थानक ते घोडबंदर रस्त्यावरील कासारवडवली ही जाऊन-येऊन फेरी दोन तासांची धरली आणि दर दहा मिनिटांना बस हवी असेल, तर १२ गाड्या लागतात. कापूरबावडी, मानपाडा, वाघबीळच्या कोंडीने तीच फेरी अडीच तासांची झाली तर १५ लागतात. जादा तीन गाड्या नसतील तर अंतर साडेबारा मिनिटांवर जाते. प्रत्यक्षात ते समान राहतही नाही. उशिरा आलेल्या बसला थांब्यावर जास्त प्रवासी भेटतात, त्यांना चढवण्यात ती आणखी मागे पडते आणि मागची रिकामी बस तिला गाठते. अर्धा तास काही नाही आणि मग दोन बस पाठोपाठ, हा अनुभव त्यामुळेच येतो. शेवटच्या थांब्यावर पाच-दहा मिनिटे राखून ठेवणे आणि नियंत्रकाने गाडी रोखून सोडणे हा त्यावरचा उपाय आहे, पण स्थानकाजवळ बस उभी करायला जागा असेल तरच तो चालतो. घोडबंदर रस्त्याचे आणखी एक दुखणे म्हणजे उरणच्या बंदरातून गुजरातकडे जाणारी अवजड वाहने याच रस्त्याने गायमुखच्या घाटात चढतात. तिथे एक ट्रेलर बंद पडला की मागच्या बसच्या फेऱ्या कोलमडतात.

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला जागेचा प्रश्न ‘सॅटिस’ या उन्नत चौथऱ्याने काही अंशी सोडवला. बस वर, रिक्षा व पादचारी खाली, अशी तिची रचना आहे. पूर्वेकडे अशाच दुसऱ्या चौथऱ्याचे काम हाती घेण्यात आले.

अलीकडे बहुतेक नव्या गाड्या, विशेषतः विजेवरच्या, कंत्राटी पद्धतीने येतात. बस व चालक ठेकेदाराचे आणि मोबदला धावलेल्या किलोमीटरवर. तिकिटाचे पैसे उपक्रमाकडे जमा होतात. ठेकेदाराला प्रवाशांच्या संख्येशी कर्तव्य नसते. त्यामुळे थांबा न घेता निघून जाणे, फेरी रद्द करणे यांवर दंडाची कलमे नसतील आणि ती वापरली जात नसतील, तर सेवा कागदावर पूर्ण आणि थांब्यावर अपुरी राहते. बिले थकली की चालकांचे पगार थकतात आणि मग अचानक काम बंद होते. ही साखळी परिसरात एकाहून अधिक वेळा दिसली आहे.

बस जिथे पुरत नाही तिथे शेअर रिक्षा चालते. तीन प्रवासी, ठरलेला मार्ग आणि ठरलेले भाडे. भाडे मुंबई महानगर प्रदेश वाहतूक प्राधिकरण ठरवते.

मेट्रो : बेलापूर ते पेंधर (तळोजा) हा ११.१ किमीचा, ११ स्थानकांचा मार्ग १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाला. बांधणी सिडकोची आणि चालन महामेट्रोचे आहे. ठाण्यात वडाळा–कासारवडवली (मार्ग ४) आणि ठाणे–भिवंडी–कल्याण (मार्ग ५) हे मार्ग मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहेत. शहरांतर्गत २९ किमीच्या, २२ स्थानकांच्या वर्तुळाकार मेट्रोला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली.