स्कॅम 2003 : द तेलगी स्टोरी

‘स्कॅम 2003 : द तेलगी स्टोरी’ ही बनावट मुद्रांक घोटाळ्यावरची हिंदी मालिका. सोनी लिव्हवर तिचे पहिले पाच भाग 1 सप्टेंबर 2023 रोजी आले आणि उरलेले पाच 3 नोव्हेंबरला. दिग्दर्शन तुषार हिरानंदानी यांचे, एकूण सूत्रे हंसल मेहता यांच्याकडे आणि निर्मिती अप्लॉज एंटरटेनमेंटची. घोटाळ्याचा पाठपुरावा करणारे टीव्ही पत्रकार संजय सिंह यांच्या ‘रिपोर्टर की डायरी’ या हिंदी पुस्तकावर ती बेतलेली आहे. किरण यज्ञोपवीत, केदार पाटणकर आणि करण व्यास हे तिचे लेखक.

याच मालेतली आधीची ‘स्कॅम 1992’ (2020) शेअर दलाल हर्षद मेहतावर होती. ती पाहताना शेअर बाजार आणि बँकांमधले रोख्यांचे व्यवहार समजून घ्यावे लागत. इथे तशी गरज पडत नाही. भाडेकरार असो, वाटणीपत्र असो की प्रतिज्ञापत्र, कचेरीबाहेरच्या टेबलावरून स्टॅम्पपेपर आणला नाही असे घर महाराष्ट्रात सापडणे कठीण. गुन्ह्याची वस्तू इतकी ओळखीची असल्यामुळेच ही कथा अधिक जवळून भिडते.

मुख्य पात्र अब्दुल करीम तेलगी. जन्म 1961चा, गाव बेळगाव जिल्ह्यातले खानापूर, म्हणजे कर्नाटकातला पण मराठी भाषकांचा तालुका. वडील रेल्वेत नोकरीला होते. ते लवकर गेले आणि मुलाने गाड्यांमध्ये फळे-भाजी विकत शिक्षण पुरे केले. मालिकाही धावत्या गाडीतल्या या फेरीवाल्यापासून सुरू होते. माणूस पाहून बोलणे, नाही म्हणणाऱ्याच्या हातातही फळ ठेवणे, ही त्याची पुढची सारी विद्या तिथेच दिसते. मग मुंबई, काही वर्षे सौदी अरेबिया आणि परतल्यावर आखातात मजूर पाठवण्यासाठी खोटी कागदपत्रे बनवण्याचा धंदा. त्यात तुरुंगवास झाला, तिथे मुद्रांकाच्या व्यवहारातला जाणकार भेटला आणि 1994च्या सुमारास तेलगीला मुद्रांक विक्रीचा रीतसर परवाना मिळाला.

परवाना खरा होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे. मुद्रांक छापण्याचे काम नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयाचे, ज्याला नाशिककर नुसते ‘प्रेस’ म्हणतात. तिथून कागद राज्यांच्या कोषागारांत जाई आणि तिथून परवानाधारक विक्रेत्यांकडे. तेलगीने या साखळीतली ढिली कडी हेरली. प्रेसमधून मोडीत निघालेली यंत्रे भंगार म्हणून विकली जात. ती निकामी करून विकायची असा नियम होता, पण नियम पाळायचा की नाही हे ज्यांच्या हातात होते त्यांना पैसे चारले गेले. मुंबईत फोर्ट भागात छापखाना उभा राहिला. यंत्र सरकारी, छपाई त्याच घडणीची. बनावट कागद नजरेने ओळखणार कसा? माल खपवायला शेकडो एजंट होते आणि घाऊक गिऱ्हाईक म्हणजे बँका, विमा कंपन्या, शेअर दलाल. खऱ्या मुद्रांकांची टंचाई असली की या मालाला आपोआप मागणी येई.

मालिकेचे बळ याच भागात आहे. प्रेसचे फाटक, भंगाराचा लिलाव, पगारात न भागणारा कारकून, मुलाच्या फीची काळजी असलेला चौकीदार, ही माणसे ती घाईने ओलांडत नाही. पहिली लाच घेताना त्यांच्यातला कुणी खलनायक वाटत नाही. थोडेसे डोळेझाक करणे एवढेच तर मागितले जाते, आणि पुढच्या वेळी त्याहून थोडे जास्त. कष्टकरी माणूस आर्थिक गुन्ह्यात कसा ओढला जातो, हे इतक्या समजुतीने आपल्याकडच्या पडद्यावर क्वचितच आले आहे.

गगन देव रियार यांचा तेलगी हा मालिकेचा कणा. रंगभूमीवरून आलेल्या या नटाने भूमिकेसाठी वजन वाढवले, पण खरी कमाल आवाजाची आहे. अधिकाऱ्यासमोर लवणारा, बारमध्ये नोटा उधळताना चढणारा आणि घरी बायकोसमोर पडणारा, असे त्या आवाजाचे तीन सूर आहेत. सना अमीन शेख, मुकेश तिवारी आणि गझलगायक तलत अझीझ यांच्याबरोबर भरत जाधव, शशांक केतकर असे मराठी कलाकारही इथे आहेत. विनोदी नाटकांतून घराघरांत पोहोचलेले भरत जाधव अशा गंभीर कथेत पाहणे मराठी प्रेक्षकाला सुखावणारे होते.

दुसऱ्या टप्प्यात मात्र पकड सैलावते. राजकारणी आणि पोलीस यांच्या खेळात कथा शिरते, बहुतेकांची नावे बदललेली असतात आणि प्रेक्षक कोण कुणाच्या जागी आहे हे ताडत बसतो. नाशिकरोडची माणसे मागे पडतात. ती तशी पडायला नको होती.

प्रत्यक्षात तेलगीला नोव्हेंबर 2001 मध्ये अजमेर येथे अटक झाली. पुढच्या वर्षी पुण्यात बंडगार्डन पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि 2003 मध्ये विशेष तपास पथकाच्या कारवाईत वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांनाही अटक झाल्यावर देश हादरला. नावातले 2003 ते हेच. तपास 2004 मध्ये सीबीआयकडे गेला. तेलगीची नार्को चाचणी (गुंगीचे औषध देऊन केलेली चौकशी) झाली आणि तिची चित्रफीत वृत्तवाहिन्यांनी दाखवली. पुण्याच्या विशेष मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) न्यायालयाने 28 जून 2007 रोजी त्याला 13 वर्षे सक्तमजुरी आणि मोठा दंड ठोठावला. घोटाळ्याचा आकडा 30,000 कोटींपर्यंत सांगितला जातो, पण तो अंदाज आहे. ऑक्टोबर 2017 मध्ये शिक्षा भोगत असतानाच बंगळुरूच्या रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला.

या प्रकरणानंतर छापील मुद्रांकावरचा भर कमी होऊन फ्रँकिंग (दस्तावर यंत्राने शुल्काचा ठसा उमटवणे) आणि पुढे ई-स्टॅम्पिंग वाढले. मोठ्या रकमेचे मुद्रांक शुल्क आज ऑनलाइन भरले जाते. छोट्या कामांना मात्र अनेकदा कागदच लागतो. ऑक्टोबर 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने अशा कामांसाठीचे किमान शुल्क 100 वरून 500 रुपये केले.