सॉफ्ट प्लास्टिक: तळ्यातून खोल समुद्रात

सॉफ्ट प्लास्टिक म्हणजे गळाला लावायचं मऊ प्लास्टिकचं आमिष. त्याची गोष्ट सुरू होते अमेरिकेत. ओहायोतलं ॲक्रन म्हणजे टायर-रबराचं गाव. तिथल्या बी. एफ. गुडरिच कंपनीत वॉल्डो सेमन या रसायनतज्ज्ञानं १९२६ मध्ये कडक पीव्हीसीत योग्य द्रावक मिसळून ते रबरासारखं लवचिक केलं. मासे धरणं त्याच्या डोक्यातही नसावं. पुढे त्याच गावात निक क्रीम या कारागिरानं १९४९ मध्ये पत्नी कॉस्माबरोबर घरीच व्हायनल (म्हणजे पीव्हीसीच), तेल आणि रंग तापवून साच्यात ओतलं आणि प्लास्टिकचं गांडूळ काढलं. रबरी गांडुळं आधीही होती, पण ताठ. माशानं तोंडात घेतलं की लगेच थुंकलं. हे मऊ आमिष तो जरा जास्त वेळ धरून ठेवतो. दोरीला झटका द्यायला तेवढं पुरतं. डॉलरला पाच या भावानं ती टपालानं खपू लागली.

तळ्यातल्या बुडालेल्या झाडाझुडपांत बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा धरायला हे उत्तम. गळाचं टोक प्लास्टिकमध्येच रुतवायचं, पुढे गोळीसारखं छोटं शिसं, म्हणजे काही अडकत नाही. सत्तरच्या दशकात लुइझियानाच्या मिस्टर ट्विस्टरनं कुरळी शेपटी लोकप्रिय केली. ती ओढताच आपोआप वळवळते; नवख्याचंही निभावतं.

समुद्रात मात्र आमिष आधी माशापर्यंत पोचायला हवं. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर बुडालेल्या जहाजांवरचे पोलॅक मासे धरायला रेड गिल नावाचं आमिष आलं. वाळूत लपणाऱ्या सँड ईल या बारीक माशाची ही मऊ नक्कल लांब ट्रेसवर, म्हणजे गळाजवळच्या दोरीच्या वेगळ्या तुकड्यावर, प्रवाहात मोकळी सोडायची. वजन वेगळं, वरच्या बाजूला. अमेरिकेत केप कॉडजवळ ब्लूफिन कुपा (ट्यूना) सँड ईलवर तुटून पडतो, तेव्हा मोठं, जाडजूड आमिष बऱ्याचदा नाकारतो. म्हणून तिथे बारीक, जवळजवळ बिनशेपटीची सॉफ्ट प्लास्टिक रुळली.

त्यामुळे पाकिटावरच्या रंगांत फार वेळ घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रंग बऱ्याच अंशी गिऱ्हाईक धरायला असतात. कोकणात खाडीच्या तोंडाशी जिताड्याला १० ग्रॅमचा जिगहेड, म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ, चालून जातो. बोटीनं बाहेर जाऊन ४० मीटर पाण्यात, ओढ असताना तोच सोडला तर दोरीला पोट येतं आणि आमिष तळ गाठतच नाही. आधी शिशाचं वजन ठरवायचं, मग तिथला मासा काय खातोय त्या मापाचं अंग, मग शेपटी. रुंद पॅडलची शेपटी पाण्याला अडते, त्यामुळे ते सावकाश बुडतं. खोल पाण्यात सरळ, निमुळती बरी.

केंडासारखे मासे शेपट्या कातरतात, म्हणून हल्ली टीपीई या रबरासारख्या वेगळ्या प्लास्टिकची चिवट आमिषं घेतात. ती ताणली तरी सहसा तुटत नाहीत आणि पाण्यावर तरंगतात. पण पीव्हीसीच्या आमिषांबरोबर एकाच डब्यात ठेवू नयेत. पीव्हीसी मऊ ठेवणारा द्रावक टीपीईत उतरतो आणि डब्यात चिकट लगदा होतो.