बिशपच्या नावाचं कॉलेज म्हणजे पाद्री बनवायची शाळा?

फॉरवर्डमध्ये सारखं येतं की परदेशात बिशपच्या नावाने असलेल्या कॉलेजात फक्त ख्रिश्चनांना घेतात आणि पाद्री तयार करतात. हे खरं नाहीये, पण असं वाटणं साहजिक आहे कारण सुरुवात खरंच धार्मिक होती. केंब्रिजचं सेल्विन कॉलेज बघा, न्यूझीलंडचे पहिले अँग्लिकन (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंड या पंथाचे) बिशप जॉर्ज ऑगस्टस सेल्विन 1878 मध्ये गेले, त्यांच्या स्मरणार्थ 1882 मध्ये हे सुरू झालं आणि तेव्हा खरोखर त्या चर्चचे सदस्य असलेल्या मुलांसाठीच होतं, मिशनरी घडवणं हाही एक हेतू होता. (हे बिशप 1829 च्या पहिल्या ऑक्सफर्ड-केंब्रिज बोट रेसमध्ये वल्ही मारायला होते, मला हे फार आवडतं!)

पण पुढे धर्माची अट गेली, 1958 मध्ये पूर्ण कॉलेजचा दर्जा मिळाला, 1976 पासून मुलीही आल्या. आज तिथे इंजिनिअरिंग, मेडिसिन, इतिहास सगळं शिकतात आणि डिग्री केंब्रिज युनिव्हर्सिटीची मिळते. पाद्री व्हायचं ट्रेनिंग रिडली हॉल, वेस्टकॉट हाउस अशा वेगळ्या संस्थांत होतं.

चेक करायचं तर कॉलेजच्या साइटवर अ‍ॅडमिशनचं पान उघडा, विषयांची यादी आणि पात्रता वाचा, धर्माची अट कुठे दिसते का बघा. चॅपल (कॉलेजचं प्रार्थनाघर) आहे, पण जायची सक्ती नाही.