दाताचा खांब, कवळीचा खुंटा

आमच्या आज्जीची वरची कवळी दिवसभर तोंडात असायची. खालची मात्र जेवायला बसली की निघून स्टीलच्या वाटीत जायची. रविवारी मटण असलं की ती भाकरी तांबड्या रश्श्यात कुस्करून खायची आणि फोडी आमच्या ताटात सरकवायची. वरची कवळी टाळूला चिकटून राहते. खालची घोड्याच्या नालेसारखी, जीभ हलली की तीही उचलते. त्यात दात गेल्यावर जबड्याचं हाड वर्षागणिक झिजतं आणि कवळीला टेकायला कडाच उरत नाही.

आता कोल्हापुरात कुणाच्या घरी दात बसवायचा विषय निघाला की ‘मिनीत भागतंय का बघा’ असं सर्रास ऐकू येतं. इम्प्लांट म्हणजे दात किंवा कवळी धरायला जबड्याच्या हाडात बसवायचा धातूचा स्क्रू; नेहमीचा तो स्टँडर्ड, बारीक तो मिनी. जणू एकाच वस्तूची मोठी आणि धाकटी आवृत्ती. या दोन्हींचा जन्म कशातून झाला ते पाहिलं तर असं वाटणार नाही.

स्टँडर्ड इम्प्लांटची सुरुवात दाताशी संबंधच नसलेल्या प्रयोगातून झाली. १९५२च्या सुमारास स्वीडनमधले पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडातलं रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी हाडात टायटॅनियमचं एक छोटं नळकांडं बसवलं होतं. महागाची वस्तू, पुन्हा वापरावी म्हणून काढायला गेले तर हाड सोडेना! शरीर परक्या धातूला बाहेर ढकलतं अशी तेव्हाची समजूत. इथे हाड धातूच्या अंगाला घट्ट बिलगलं होतं. १९६५मध्ये गोस्टा लार्सन या माणसाच्या खालच्या जबड्यात त्यांनी चार इम्प्लांट बसवले. लार्सन २००६मध्ये वारले तोवर, म्हणजे चाळीस वर्षं, ते टिकले. तरी दंतवैद्यकाच्या जगाला पटायला १९८२ची टोरांटोची परिषद उजाडावी लागली.

ब्रोनेमार्क यांची पद्धत सबुरीची होती. स्क्रू बसवायचा, हिरडी शिवून टाकायची आणि खालच्या जबड्यात तीन महिने, वरच्या जबड्यात सहा महिने थांबायचं. मग जोडतुकडा, त्यावर दात. आता हा काळ बराच कमी झालाय, पण मूळ रचना तीच.

मिनीची गोष्ट थांबायच्या या काळातूनच सुरू होते. हाड जुळेपर्यंत रुग्णानं खायचं कसं? न्यूयॉर्कचे दंतवैद्य व्हिक्टर सेंडॅक्स यांनी तेवढ्यापुरता आधार म्हणून बारीक, एकसंध स्क्रू वापरायला सुरुवात केली. तात्पुरते म्हणून बसवलेले हे स्क्रूही हाडात रुजतात असं दिसलं आणि त्यांचा मुक्काम वाढला. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला असे साधारण चार, प्रत्येकाच्या डोक्यावर छोटा गोळा. कवळीत आतून रबरी रिंगा. कवळी दाबली की टक्कन बसते. बऱ्याचदा हिरडी चिरावीही लागत नाही. खालची कवळी जागेवर न राहणं, आज्जीचं दुखणं हेच होतं.

स्टँडर्डचा व्यास साधारण साडेतीन ते पाच मिलिमीटर, मिनीचा तीनच्या आत, अगदी १.८ पर्यंत. फरक दिसायला किरकोळ, पण भरीव सळईची वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनात बदलते. दोन मिलिमीटरची सळई चार मिलिमीटरच्या सळईच्या निम्मी नव्हे, एक अष्टमांश ताकदीची. खालची पहिली दाढ सुमारे अकरा मिलिमीटर रुंद. ती एका बारीक खुंट्यावर उभी करून वर ऊस सोलायला घेतला तर स्क्रू वाकेल, तुटेल किंवा हाडातून सैल होईल. तो खुंटा कवळी धरायला आलाय, दाढेचा भार पेलायला नव्हे.

म्हणून पैशांआधी दोन प्रश्न विचारावेत: एक दात हवाय की कवळी घट्ट करायचीय, आणि हाड किती रुंद उरलंय? दुसऱ्याचं उत्तर थ्रीडी स्कॅनवर मोजून मिळतं. हाड अरुंद, वय झालेलं, हाडभरणीची मोठी शस्त्रक्रिया झेपणारी नाही, अशा ठिकाणी मिनी खरोखर कामाचा. समोरच्या एखाद्या लहानशा दातासाठीही कधी चालतो. दाढेसाठी कुणी एकच मिनी सुचवला तर मी तरी दुसऱ्या डॉक्टरांना विचारीन. विडी-सिगारेट आणि आटोक्यात नसलेला मधुमेह मात्र दोन्हींना मारक.

मिनी बसवल्यावरही ये-जा राहतेच. रबरी रिंग झिजते, कवळी पुन्हा डुगडुगायला लागते. रिंग बदलायची, की पुन्हा टक्.