डीकम्प्रेशन की फ्यूजन? ‘मणक्याचं ऑपरेशन’ म्हणून दोन्ही एकाच पोत्यात घालू नका

‘मणक्याचं ऑपरेशन सांगितलंय’ एवढं ऐकलं की सल्ले सुरू होतात. एकाची गादी काढलेली असते, दुसऱ्याला स्क्रू-रॉड टाकलेले असतात, आणि दोघंही आपापला अनुभव तिसऱ्याच्या गळ्यात मारतात. त्या तिसऱ्याला यातलं नक्की काय सांगितलंय, हे कोणी विचारतच नाही.

डीकम्प्रेशन बहुतेकांना ठाऊक असतं. गादी सरकून किंवा हाड वाढून नस दाबली गेली की दाबणारा भाग काढायचा. गादीचा तुकडा काढला तर डिसेक्टॉमी, मणक्याची मागची कमान काढली तर लॅमिनेक्टॉमी. फ्यूजनमध्ये दोन मणक्यांमधली हालचाल कायमची थांबवतात: मध्ये हाडाचे तुकडे भरायचे, म्हणजे कालांतराने दोन्ही मिळून एकच हाड होतं. ऑपरेशनला वेळ, रक्तस्राव, खर्च, सगळंच फ्यूजनला जास्त. ते असो.

खरा घोळ वेगळाच आहे. फ्यूजन म्हणजे डीकम्प्रेशनचीच जास्त पक्की आवृत्ती, असं लोक धरून चालतात. ‘करायचंच आहे तर एकदाच मोठं करून टाका, पुन्हा कटकट नको.’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. एक तर कटकट संपेलच याची हमी नाही. जोडलेल्या मणक्यांच्या वरच्या-खालच्या सांध्यांवर ताण वाढतो आणि काही जणांना पुढे त्यांचंही ऑपरेशन करावं लागतं. दुसरं म्हणजे दोन्ही ऑपरेशनं दोन वेगळ्या बिघाडांसाठी आहेत. एक दाबलेल्या नसेसाठी, दुसरं नको तितक्या हलणाऱ्या सांध्यासाठी.

नस दाबल्याचा त्रास मुख्यतः पायात जाणवतो. नितंबापासून पोटरीपर्यंत कळ जाते, मुंग्या येतात. किंवा थोडं चाललं की पाय भरून येतात आणि बसलं, पुढे वाकलं की बरं वाटतं. इथे नस मोकळी केल्याचा उपयोग होतो. नुसती कंबरच दुखत असेल तर मोकळं करण्यासारखं सहसा काही नसतं, आणि मग ‘गाद्या झिजल्यात’ या रिपोर्टवरून गाडी थेट फ्यूजनवर जाते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले होते. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली. फिल्मवर झीज दिसली म्हणजे दुखण्याचं मूळ सापडलं, असं नाही.

‘मणका सरकलाय’ या निदानाचंही तेच. सरकलेला असणं वेगळं आणि सरकत असणं वेगळं. एमआरआय बहुधा आडवं झोपवून काढतात, त्यात हालचाल कळत नाही. उभं राहून, पुढे वाकून आणि मागे झुकून काढलेले साधे एक्स-रे शेजारी ठेवा. मणक्यांमधलं अंतर आणि कोन फारसे बदलत नसतील तर सरकलेला मणका जागच्या जागी बसलेला आहे. स्वीडनमधल्या २४७ रुग्णांच्या चाचणीत (२०१६) आणि नॉर्वेतल्या २६७ रुग्णांच्या चाचणीत (२०२१) नसेचा मार्ग अरुंद झालेल्यांना डीकम्प्रेशनच्या जोडीला फ्यूजन करून दोन वर्षांनी खास जास्त फायदा दिसला नाही. नॉर्वेतले सगळे तर वयामुळे मणका सरकलेलेच होते. अमेरिकेतल्या ६६ रुग्णांच्या छोट्या चाचणीत मात्र फ्यूजनकडे थोडं झुकतं माप पडलं. माझा कल उघड आहे: सांधा डळमळीत असल्याचा पुरावा नसेल तर जोडू नये.

याचा अर्थ फ्यूजन वाईट, असा नाही. फ्रॅक्चर, जंतुसंसर्गाने किंवा गाठीने पोखरलेलं हाड, वाढत जाणारा बाक, खरोखर हलणारा सरकलेला मणका, किंवा नस मोकळी करताना सांध्याचा मोठा भागच काढावा लागणं, अशा वेळी जोडण्यावाचून गत्यंतर नसतं.

आणि स्क्रू म्हणजे फ्यूजन नव्हे! १९११ मध्ये न्यूयॉर्कला हिब्ज आणि ऑल्बी या सर्जननी मणके जोडले ते स्क्रूंशिवाय. स्क्रू-रॉड म्हणजे स्लॅबखालचं सेंट्रिंग, हाड जुळेपर्यंतचा आधार. खरं काम हाड जुळून येण्याचं, आणि त्याला सहा महिने ते वर्ष लागतं. धूम्रपान चालू ठेवलं तर हाड न जुळण्याची शक्यता वाढते. जुळलं नाही तर धातू एकटा भार किती दिवस पेलणार? स्क्रू सैल होतात, रॉड तुटतात. म्हणून ‘स्क्रू जागेवर आहेत’ एवढ्यावर खूश न होता ‘हाड जुळलं का’ हे विचारा.

लघवी अडणं, शौचावरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा किंवा पायातली ताकद झपाट्याने कमी होणं, यांपैकी काही झालं तर वरची सगळी चर्चा बाजूला ठेवून तडक हॉस्पिटल गाठायचं.