चाऊमीन

चाऊमीन : उकडून निथळलेले गव्हाचे नूडल्स थोड्या तेलात मोठ्या आचेवर परतून केलेला चिनी खाद्यपदार्थ. नूडल्सखेरीज त्यात मुगाचे लांब अंकुर, कोबी, कांद्याची पात, अंडे, कोंबडी किंवा डुकराचे मांस, कोळंबी यांपैकी काहीही असू शकते. सोया सॉस मात्र बहुतेक रूपांत असतो. पदार्थाचे मँडरिन नाव 'छाओम्येन'. चाऊमीन हे रूप क्वांगतुंग प्रांतातील ताइशान भागाच्या बोलीतून इंग्रजीत व तेथून इतरत्र गेले असावे. तांदळाच्या रुंद पट्ट्याही याच रीतीने परततात, पण क्वांगचौ (कँटन) शहरात त्या 'हो फॅन' म्हणून वेगळ्या धरल्या जातात. उकडलेले नूडल्स न परतता सॉसमध्ये नुसते कालवले तर तो 'लो मेन' होतो. अमेरिकेतील हॉटेलांनी ही सीमा पुसून टाकल्यामुळे पाककृतींच्या लेखनात या नावांचा घोळ आढळतो. प्रस्तुत नोंदीत परतलेल्या गव्हाच्या नूडल्सचाच विचार केला आहे.

प्राचीनता : चाऊमीनचा इतिहास पाहताना नूडल्सचे वय आणि ते परतण्याच्या रीतीचे वय या गोष्टी अलग ठेवाव्या लागतात. लोकप्रिय लेखनात चार हजार वर्षांचा आकडा सरसकट दिला जातो. त्याचा आधार आहे छिंगहाय प्रांतात पीत नदीच्या वरच्या खोऱ्यात असलेले लाच्या हे पुरातत्त्वीय स्थळ. भूकंप आणि पूर यांनी ही 'छीच्या' नावाच्या प्रागैतिहासिक संस्कृतीची वस्ती गाडली गेली. तेथील उत्खननात पालथ्या पडलेल्या एका मातीच्या वाडग्याखाली पिवळसर, बारीक, सुमारे 50 सेंमी. लांबीचे तंतू आढळले. लू होउयुआन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. स्टार्चचे कण आणि वनस्पतींच्या पेशींत साठणारे सिलिकाचे सूक्ष्म अवशेष तपासून हे नूडल्स राळा आणि चेना (वरीच्या जवळचे तृणधान्य) यांच्या पिठाचे असल्याचे त्यांनी म्हटले. गव्हाचा अंश त्यात आढळला नव्हता.

यावर आक्षेप आला तो पाकशास्त्राच्या अंगाने. राळ्याच्या पिठात ग्लूटेन नसते, त्यामुळे त्याची कणीक ओढून लांब तंतू काढता येत नाहीत. भाकरी करणाऱ्या कुणालाही हे प्रयोगाशिवाय पटेल. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रायोगिक अभ्यासात हाच मुद्दा मांडला गेला, शिवाय उकळल्यावर स्टार्चचे कण फुगून त्यांचा मूळ आकार हरवतो, तेव्हा ते ओळखू येण्याजोगे कसे राहिले, असाही प्रश्न विचारला गेला. लू यांच्या गटाने 2014 मध्ये उत्तर दिले. उत्तर चीनमध्ये 'हले' नावाचे नूडल्स लाकडी साच्यातून दाबून पाडतात. पीठ अंशतः शिजवून त्याच पद्धतीने राळ्याचेही तंतू पाडता येतात, हे त्यांनी करून दाखवले. आपल्याकडील शेवेच्या सोऱ्याचे तत्त्व यापेक्षा निराळे नाही. या प्रयोगाने असे तंतू काढणे शक्य होते एवढे सिद्ध होते. लाच्या येथे साचा वापरला गेला असे त्यावरून ठरत नाही. कसेही असले तरी आजच्या चाऊमीनशी या वाडग्याचे नाते दूरचे आहे. तेथले धान्य वेगळे आणि तंतू काढण्याची रीतही बहुधा वेगळी होती. ते परतले गेले होते असे तर कोणीच म्हटलेले नाही.

गव्हाच्या नूडल्सचा माग काढायचा तर पूर्व हान काळापासून (इ. स. 25–220) सुरुवात करणे अधिक सुरक्षित ठरते. जात्याचा प्रसार होऊन गव्हाचे पीठ सुलभ झाल्यावर पिठाच्या सर्वच पदार्थांना 'बिंग' म्हटले जाऊ लागले आणि रश्श्यात शिजवलेल्यांना 'थांगबिंग'. यांतले किती लांबट होते आणि किती नुसते गोळे किंवा चकत्या, हे नावावरून कळत नाही. नेमके वर्णन मिळते ते सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास 'च्या सस्ये' या लेखकाने रचलेल्या 'छीमिन याओशू' या शेतीविषयक ग्रंथात. त्यातील 'श्वेइयिन' या पदार्थासाठी कणीक काडीएवढी जाड ओढून, फूटभर लांबीचे तुकडे करून पाण्यात भिजवत आणि मग बोटांनी चेपून पानासारखी पातळ करून उकळत. सुंग काळात (960–1279) काइफेंग व हांगचौ या राजधान्यांत नूडल्सची स्वतंत्र दुकाने होती. यांपैकी जवळजवळ सर्व पदार्थ पाण्यात शिजवलेले आणि रश्श्याबरोबर खाल्ले जाणारे आहेत.

परतण्याची क्रिया : 'छाओ' ही क्रिया मुळात धान्य कोरडे भाजण्याची असावी. तेलात झटपट परतणे या अर्थाने ती केव्हा रूढ झाली याविषयी मतभेद आहेत. जळणाच्या टंचाईमुळे लहान तुकडे करून थोड्या वेळात शिजवण्याची पद्धत आली, हे स्पष्टीकरण फार ठिकाणी दिले जाते. ते पटण्याजोगे असले तरी पुरेसे नाही, कारण जळणाची टंचाई इतर अनेक प्रदेशांतही होती. बियांचे तेल मुबलक मिळू लागणे, पातळ लोखंडी कढया आणि गिऱ्हाइकाला तत्काळ वाढू पाहणारी शहरी खाणावळ या तिन्ही गोष्टी सुंग काळात एकत्र आल्या, हे मत अधिक ग्राह्य वाटते. घरोघरी ही रीत पोहोचली ती मिंग व छिंग काळांत (1368–1912). परतलेल्या नूडल्सचा आजचा प्रकार त्याच सुमारास आकाराला आला असावा.

नूडल्सची घडण : चाऊमीनसाठी दक्षिण चीनमध्ये वापरले जाणारे नूडल्स अल्कधर्मी असतात. मैद्यात पाण्याबरोबर सोडियम व पोटॅशियम कार्बोनेटचे द्रावण (मँडरिनमध्ये 'च्येनश्वेइ', जपानीत 'कानसुई') घालतात. त्याचे प्रमाण पिठाच्या साधारण एक टक्क्याच्या आगेमागे असते. अल्कमुळे ग्लूटेनचे जाळे घट्ट होते, नूडल्स चिवट राहतात आणि पिठातील फ्लॅव्होनॉइड द्रव्ये पिवळी पडतात. म्हणून अंडे न घातलेले नूडल्सही पिवळे दिसतात. परतताना ते तुटत नाहीत याचे कारण हेच. शिवाय अल्कमुळे पृष्ठभाग लवकर तांबूस होतो. पापडाच्या पिठात घालतात तो पापडखारही अल्कधर्मीच, आणि तेथेही पिठाला ताण येण्यासाठी त्याचा उपयोग होतो. साध्या मैद्याचे नूडल्स परतता येतात, पण ते उकडताना हात आखडता ठेवावा लागतो.

उष्णता आणि पाणी : चांगल्या चाऊमीनला येणारा किंचित धुरकट, खरपूस स्वाद कँटोनीजमध्ये 'वोक हेय' या नावाने ओळखला जातो. तो कशामुळे येतो याचे एकच एक उत्तर नाही. प्रथिने व शर्करा यांच्यातील मेलार्ड विक्रिया, तापलेल्या धातूवर सोया सॉसचे करपणे, तेलाच्या तुषारांनी ज्वाळेत पेट घेणे आणि मुरलेल्या लोखंडी कढईचा लेप या सर्वांचा वाटा सांगितला जातो. अमेरिकेतील जॉर्जिया टेक संस्थेच्या हुंगतांग को व डेव्हिड हू यांनी 2020 मध्ये स्वयंपाक्यांच्या हालचालींचे मापन केले. भात परतताना कढई उडवण्याचे एक आवर्तन सुमारे एक-तृतीयांश सेकंदात पुरे होते, असे त्यांना आढळले. अन्न जळू न देता एवढी आच सोसणे या वेगामुळे शक्य होते. नूडल्स लांब आणि एकमेकांत गुंतलेले असल्याने ते भातासारखे उडत नाहीत, ही मर्यादा ध्यानात घ्यावी लागते.

घरच्या शेगडीची अडचण हिशेबाने नीट कळते. गॅसच्या मोठ्या बर्नरची क्षमता 2 किलोवॉटच्या आसपास धरली आणि त्यातली दोन-तृतीयांश उष्णता भांड्याला मिळाली, तर सुमारे 1.35 किलोवॉट हाती राहतात. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला साधारण 2,260 जूल लागतात. म्हणजे मिनिटाला 35 ग्रॅमच्या आसपास पाणी उडते. अर्धा किलो ओले नूडल्स एकदम कढईत टाकले, तर ते नुसते गरम होण्यातच दीड मिनिटाच्या आसपास जाते. त्यांना 50 ग्रॅम पाणी चिकटलेले असेल, तर ते उडवायला आणखी दीड मिनिट. तेवढा वेळ कढईतले तापमान 100 अंश सेल्सियसच्या वर सरकत नाही, आणि मेलार्ड विक्रियेला 140 अंशांच्या पुढचे तापमान हवे. परिणामी नूडल्स वाफेवर शिजत राहतात आणि त्यांचा गिच्चगोळा होतो. चिनी खाणावळींतील शेगडीची क्षमता याच्या दसपटीहून अधिक असते, म्हणून तेथील रीत जशीच्या तशी घरी उचलून चालत नाही. घरच्या चाऊमीनचे यश नूडल्स आधी किती कोरडे केले आणि एका वेळी किती थोडे परतले, यावर ठरते. सॉसचा क्रम त्यानंतर येतो. पाककृती नेमक्या उलट लिहिल्या जातात आणि सॉसच्या चमच्यांतच अडकून राहतात, हे खेदाने नमूद करावे लागते.

घरगुती कृती : 200 ग्रॅम कोरडे नूडल्स भरपूर उकळत्या पाण्यात, पाकिटावरील वेळेपेक्षा मिनिटभर आधीच काढता येतील इतके शिजवतात. शिजल्यावर त्यांचे वजन दुपटीहून अधिक होते. चाळणीत ओतून थंड पाण्याखाली धुतल्याने वरचा स्टार्च निघून जातो व शिजणे थांबते. नंतर चमचाभर तेल चोळून ते ताटात पसरून अर्धा तास तरी वाऱ्यावर ठेवावेत. रात्रभर फ्रिजमध्ये उघडे ठेवल्यास उत्तम. भाज्या काडीसारख्या लांब चिरतात, म्हणजे त्या नूडल्सबरोबर उचलल्या जातात. मांस असल्यास ते पातळ कापून सोया सॉस व थोड्या कॉर्नफ्लोअरमध्ये मुरवतात.

लोखंडी किंवा बिडाची कढई धूर निघेपर्यंत तापवून मगच तेल घालावे. शेंगदाण्याचे रिफाइंड तेल या तापमानाला टिकते. नॉनस्टिक भांड्याचा लेप 260 अंशांच्या वर विघटित होऊ लागत असल्याने ते या कामाला वापरू नये. मांस आणि भाज्या वेगवेगळ्या परतून बाजूला काढतात. नूडल्स दोन घाण्यांत घालतात व तळाशी पसरून अर्धा मिनिट मुळीच हलवत नाहीत. खालची बाजू तांबूस झाली की उलथून, काट्याने किंवा चॉपस्टिकने सोडवून, मग बाकीचे सारे एकत्र करतात. सोया सॉस नूडल्सवर न ओतता कढईच्या तापलेल्या कडेने सोडावा. धातूला लागताच तो उकळून त्याचा वास खुलतो. चवीसाठी फिका व रंगासाठी गडद असे दोन सोया सॉस चिनी घरांत असतात. फिक्या सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे अडीच ग्रॅम मीठ असल्याने वेगळे मीठ बहुधा लागत नाही. मुगाचे अंकुर आणि पात अगदी शेवटी.

प्रादेशिक रूपे : क्वांगचौ व हाँगकाँगमध्ये न्याहारीला मिळणारे सोया सॉसचे बारीक नूडल्स कोरडे व तपकिरी असतात, त्यांत अंकुर आणि पातीखेरीज फारसे काही नसते. शांघायमध्ये जाड, मऊ नूडल्स कोबीवर्गीय पाला व डुकराच्या मांसासह गडद रंगात परततात. सूचौचा 'ल्यांगम्येनह्वांग' दोन्ही बाजूंनी सोनेरी होईपर्यंत भाजलेला नूडल्सचा जाळीदार थर असतो व त्यावर दाट रस्सा ओततात. ताइशानमधून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेत गेलेल्या स्थलांतरितांनी चाऊमीन तेथे नेले. पूर्व किनाऱ्यावर ते तळलेल्या कुरकुरीत नूडल्सवर ओतलेला रस्सा या रूपात रुजले, मॅसॅचूसेट्समधील फॉल रिव्हर गावात तर ते पावात घालून खातात. जपानचा याकिसोबा, इंडोनेशियाचा मी गोरेंग, मॉरिशसचा मीन फ्री आणि पेरूचा तायारीन साल्तादो ही याच वंशातील रूपे होत.

भारतात : अठराव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याजवळ साखरेचा कारखाना काढणाऱ्या तोंग आच्यू याच्यापासून येथील चिनी वस्तीचा इतिहास मोजतात, त्याच्या नावावरून त्या जागेला अचिपूर म्हणतात. पुढे आलेल्यांत कँटोनीज सुतार, हूपेचे दंतवैद्य आणि कातडी कमावणारे हक्का असे गट होते. कोलकात्याच्या टँगरा भागातील हक्का कुटुंबांनी चालवलेल्या खाणावळींत भारतीय चवीचे चाऊमीन घडले, असे सामान्यतः मानले जाते. 1962 च्या युद्धानंतर सुमारे तीन हजार चिनी वंशीयांना राजस्थानातील देवळी येथे स्थानबद्ध करण्यात आले. पुढे अनेकांनी देश सोडला आणि टोरांटोसारख्या शहरांत 'हक्का' पाट्यांखाली हीच भारतीय चव विकली जाऊ लागली. 'हक्का नूडल्स' हे नाव याच समाजावरून पडले. हक्कांच्या मूळ मेइशेन भागातील प्रसिद्ध नूडल्स मात्र लसूण व डुकराच्या चरबीत कालवलेले असतात, परतलेले नसतात.

महाराष्ट्रात मुंबईच्या माझगाव भागात जुनी चिनी वस्ती होती व तेथील देऊळ आजही आहे. चायनीजच्या गाड्यांमुळे हा पदार्थ तालुक्यांच्या गावांपर्यंत गेला. घरी तो कोबी, गाजर, फरसबी व ढोबळी मिरची घालून करतात. व्हिनेगर, हिरव्या मिरचीचा सॉस आणि लाल मिरची-लसणाचा शेजवान सॉस ही भारतीय भर आहे. ज्यावरून 'शेजवान' हे नाव आले त्या चीनच्या सेच्वान प्रांतातील पाककृतीची ओळख असलेली, जीभ बधिर करणारी तिरफळाच्या जातीची मिरी या सॉसमध्ये सहसा नसते. कोकणात तिरफळ घरोघर असूनही ते त्यात घालण्याची पद्धत रूढ झालेली नाही. तळलेल्या नूडल्सची 'चायनीज भेळ' हे मुंबईकडचे रूप. त्याचे अमेरिकी कुरकुरीत चाऊमीनशी साम्य असले, तरी दोन्हींचा परस्परसंबंध मानण्याचे कारण नाही.