पाचवा गिअर इंजिनाला विसावा देतो, शाफ्टला नाही

“शाफ्ट (इंजिनाकडून चाकांच्या एक्सलकडे जोर नेणारा फिरता दांडा) बॅलन्स करून घे” हा सल्ला माझ्या मित्राला तीन वेळा मिळाला आणि तिन्ही वेळा त्याने तो पाळला. गाडी महिंद्राची जुनी सीजे ३बी जीप. तिच्या मूळच्या तीन गिअरच्या बॉक्सऐवजी त्याने पाच गिअरचा बॉक्स बसवून घेतला होता. शिवाय मागच्या पाट्यांना, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगांना, लांब शॅकल (पाट्याचे टोक चासीला टांगणाऱ्या कड्या) लावून गाडी थोडी उचलली होती. शहरात गाडी छान चालायची. हायवेला ऐंशीच्या पुढे मात्र पायाखालून घूं-घूं सुरू व्हायचे, शंभराला आरसे थरथरायचे आणि दर दोन-तीन महिन्यांनी मागच्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकाचा वाकणारा सांधा, जायचा. तिसऱ्यांदा क्रॉस गेल्यावर घरची मंडळी म्हणू लागली, ही गाडी लाभत नाही. नंबर बदला, शनिवारी नारळ फोडा.

गाडी न लाभण्याचे कारण गाडीखाली पट्टी आणि कोनमापक घेऊन शिरले की दहा मिनिटांत सापडते. ते कारण मला इतके आवडते की हा लेख बराचसा त्याच्याबद्दलच आहे.

आधी जीपची रचना. विलीज कंपनीने १९५३ साली सीजे ३बी आणली आणि महिंद्राने परवान्यावर ती भारतात दीर्घकाळ बनवली. इंजिनामागे गिअरबॉक्स, त्याच्या पाठीला ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारी पेटी) आणि तिथून दोन शाफ्ट निघतात, एक पुढच्या एक्सलकडे आणि एक मागच्या. पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर फक्त ८० इंच, म्हणजे २०३ सेंटीमीटर. इंजिन, बॉक्स आणि केस बसवल्यावर मागच्या शाफ्टला जेमतेम दोन फूटही उरत नाहीत. मित्राच्या गाडीत नवा बॉक्स जुन्यापेक्षा दहा सेंटीमीटर लांब निघाला. तेवढा शाफ्ट टर्नरकडून कापून आखूड केला आणि सगळ्यांनी काम झाले असे मानले.

शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतो, कारण एक्सल खड्ड्यात वरखाली होते आणि केस चासीला बांधलेली असते. वाकूनही फिरवत राहणारा हा सांधा रॉबर्ट हुक यांनी १६७६ साली छापील स्वरूपात मांडला. स्प्रिंगच्या नियमामुळे शाळेत भेटतात तेच हे हुक, म्हणजे जीपच्या पाट्यांना त्यांचा नियम लागू आणि पाट्यांमुळे वाकणाऱ्या शाफ्टला त्यांचा सांधा. युरोपात या शाफ्टला सोळाव्या शतकातल्या कार्दानो यांचे नाव चिकटले आहे.

या सांध्यात एक खोड आहे. सरळ असताना तो इकडचा वेग जसाच्या तसा तिकडे देतो. वाकला की एक फेरी आत दिल्यावर एकच फेरी बाहेर येते, पण ती सारख्या वेगाने येत नाही. प्रत्येक फेरीत बाहेरचा दांडा दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो.

का, ते बघायला एक बांगडी घ्या. तिच्यावर घड्याळासारख्या सारख्या अंतरावर बारा खुणा करा. समोरून पाहिले तर खुणांमधला कोन सगळीकडे ३० अंश. आता बांगडी तिरकी धरा. ती लंबगोल दिसेल आणि लांबट टोकांजवळच्या खुणा मध्यापासून पाहता एकमेकींना खेटलेल्या, तर अरुंद बाजूच्या खुणा पांगलेल्या दिसतील. बांगडी ६० अंश कलवली तर लांबट टोकापासून पहिली खूण १६ अंशांवर, दुसरी ४१ वर आणि तिसरी थेट ९० वर. क्रॉसच्या दोन काट्यांमध्ये नेमके हेच घडते. एक काटा एका प्रतलात फिरतो, दुसरा त्याला तिरक्या प्रतलात, आणि क्रॉस दोघांना काटकोनात बांधून ठेवतो. एकाच्या सारख्या पावलांची सावली दुसऱ्याच्या प्रतलात दाटते आणि पांगते. दहावीची त्रिकोणमिती आठवत असेल तर, बाहेरच्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे आतल्या कोनाचा टॅन्जंट गुणिले वाकाचा कोसाइन. बाहेरचा वेग या कोसाइनपासून त्याच्या व्यस्तापर्यंत झुलतो. वाक १० अंश असेल तर सुमारे दीड टक्का कमी आणि दीड टक्का जास्त, ३० अंश असेल तर ०.८७ पट ते १.१५ पट.

सावली हा शब्द मी सहज वापरलेला नाही. हुक यांना ही खोड माहीत होती आणि त्यांनी तिचा उपयोग सुचवला तो छायायंत्रासाठी. आडव्या तबकडीच्या छायायंत्रात पृथ्वीच्या अक्षाला समांतर काठी असते. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, पण काठीची सावली तबकडीवर सारख्या वेगाने सरकत नाही. पुण्याच्या अक्षांशावर दुपारी बारा ते एक या तासात ती जेमतेम ५ अंश फिरते, तर संध्याकाळी पाच ते सहा या तासात तब्बल ४० अंश. हिशोब तोच, टॅन्जंटचा. साडेअठरा अंश अक्षांशाचे छायायंत्र म्हणजे साडेएकाहत्तर अंश वाकवलेला क्रॉस. सूर्याची सावली आणि जीपखालचा ग्रीस लागलेला लोखंडी सांधा एकाच सूत्राने चालतात, याचा आनंद मला आजही पहिल्यांदा कळल्याइतकाच होतो.

मग गाड्या चालतात कशा? शाफ्टला दोन क्रॉस असतात आणि दुसरा क्रॉस पहिल्याची चूक उलटी करून दुरुस्त करतो. पण त्याच्या अटी आहेत. केसमधून निघणारा दांडा आणि एक्सलमधल्या डिफरन्शियलचा पिनियन (शाफ्ट ज्याला जोडतो तो दातांचा छोटा दांडा) एकमेकांना समांतर हवेत, म्हणजे दोन्ही सांध्यांचा वाक सारखा राहतो. मधल्या शाफ्टच्या दोन टोकांचे काटे एका रेषेत हवेत. शाफ्ट कापून पुन्हा वेल्ड करताना टर्नरने ही रेष चुकवली तर दुरुस्ती अर्धवट राहते, आणि काटे काटकोनात बसले तर दुसरा क्रॉस चूक मिटवण्याऐवजी दुप्पट करतो. शाफ्ट आत-बाहेर सरकावा म्हणून त्याला खाचांचा सांधा असतो. खाचा १६ असतील तर जोडताना एका खाचेची चूक म्हणजे २२.५ अंशांची चूक. म्हणून खोलण्याआधी दोन्ही भागांवर खूण करायची असते. फार थोड्या गॅरेजांत ती केलेली मी पाहिली आहे.

लांब शॅकल इथे दुहेरी घोटाळा करतात. गाडी उचलली की वाक वाढतो, शिवाय पाट्याचे एकच टोक खाली गेल्याने एक्सल किंचित गोल फिरते आणि पिनियन दुसऱ्या कोनात बघू लागतो. मग समांतरपणा गेला. एका सांध्याला ८ अंश आणि दुसऱ्याला ४ अंश वाक असेल तर उरलेली चूक ४ अंशांची नसते. ६४ वजा १६ याचे वर्गमूळ घ्यायचे, म्हणजे जवळपास ७ अंश वाकलेल्या एकट्या क्रॉसइतका झुलवा उरतो. बाजूचा कोनही मोजायला हवा. या जीपचे डिफरन्शियल एक्सलच्या मध्यावर नसून एका अंगाला आहे आणि केसचा दांडाही त्याच अंगाला आहे. दुसऱ्या गाडीचे मध्यावर डिफरन्शियल असलेले एक्सल आणून बसवले तर शाफ्ट खाली झुकतो तसा आडवाही जातो. ४ अंश खाली आणि ३ अंश आडवा म्हणजे क्रॉसच्या लेखी ५ अंश.

समजा हे सगळे अचूक जुळवले. चाकांना सारखा वेग मिळेल, इंजिनालाही काही जाणवणार नाही. मधला शाफ्ट मात्र तेव्हाही प्रत्येक फेरीत दोनदा धावतो आणि दोनदा रेंगाळतो. त्याला वजन आहे. त्याला सतत ढकलायचे आणि आवरायचे काम क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया करतात. हा ताण वाकाच्या वर्गाने वाढतो आणि फिरण्याच्या वेगाच्याही वर्गाने. म्हणून शाफ्ट बनवणाऱ्यांच्या तक्त्यात मिनिटाला १५०० फेऱ्यांना ११.५ अंशांपर्यंत वाक चालतो, ३००० फेऱ्यांना फक्त ५.८. वेग दुप्पट, तर कोन निम्मा.

आता मित्राची जीप. सोळा इंची टायर एका फेरीत साधारण २.२ मीटर जातो. या जीपचे डिफरन्शियल ५.३८ चे, म्हणजे क्राऊनला (पिनियन फिरवतो त्या मोठ्या चक्राला) ४३ दात आणि पिनियनला ८, शाफ्टच्या ५.३८ फेऱ्यांना चाकाची एक. ताशी ६० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ४५५ फेऱ्या घेते, तर शाफ्ट २४४०. जुन्या बॉक्सचा तिसरा गिअर १:१, म्हणून इंजिनही तितकेच. ताशी १०० ला शाफ्ट ४०७० वर जातो. जुन्या बॉक्सवर इंजिनही तिथेच गेले असते, आणि ते इतके किंचाळले असते की कोणी शंभराला गाडी नेलीच नसती. नव्या बॉक्सचा पाचवा गिअर ०.८ च्या आसपास, त्यामुळे इंजिन ३२६० वर सुखाने चालते आणि चालवणाऱ्याला वाटते गाडी आरामात आहे. पण शाफ्ट बॉक्सच्या मागे आहे. त्याला पाचवा गिअर माहीतच नाही. त्याचा वेग फक्त चाक आणि डिफरन्शियल ठरवतात.

कोनही बघा. केसचा दांडा आणि पिनियन यांच्या उंचीत साडेसहा सेंटीमीटरचा फरक होता आणि जुना शाफ्ट ५५ सेंटीमीटरचा, म्हणजे वाक ६.८ अंश. साठच्या वेगाला तक्ता ७.१ पर्यंत परवानगी देतो. जुनी जीप त्या मर्यादेत बसत होती. नव्या बॉक्समुळे शाफ्ट ४५ चा झाला, शॅकलमुळे उंचीचा फरक साडेआठ, आणि वाक १०.९ अंश. शंभराला तक्ता ४.२ च्या वर जाऊ देत नाही. कोन वाढल्यामुळे ताण २.६ पट, वेगामुळे २.८ पट, गुणाकार सातच्या वर. क्रॉस तीन वेळा गेला यात नवल काय?

बॅलन्सिंगने हे जाणे शक्यच नव्हते. बॅलन्स बिघडलेला शाफ्ट एका फेरीत एकदा धक्का देतो, वाकलेला क्रॉस दोनदा. फोनवर आवाजाची वारंवारता दाखवणारे ॲप लावून मित्राने शंभराला नोंद घेतली. सेकंदाला ६८ (४०७० भागिले ६०) च्या जागी फारसे काही नव्हते, १३६ च्या जागी मात्र मोठे शिखर होते. नारळ फोडण्याआधी ही दोन मिनिटांची नोंद घ्यावी असे मला कळकळीने वाटते. ‘लाभत नाही’ म्हणून एखादी गाडी पडेल भावात विकली जाते, आणि घेणारा तोच क्रॉस घालून तोच घाट उतरतो. हायवेवर पुढच्या टोकाला तुटलेला शाफ्ट रस्त्यात रुतून गाडी उलटवू शकतो.

उपाय म्हणून डिफरन्शियल बदलावे, हे मित्राच्या मेकॅनिकने बरोबर सुचवले. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये ४.८८ चे होते, ३९ आणि ८ दातांचे. त्याने शंभराला शाफ्ट ३७०० वर येतो. पण मेकॅनिक फक्त मागचे बदलणार होता. फोर बाय फोर लावल्यावर ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरवते, मध्ये फरक सामावणारे काही नसते. पुढे ५.३८ आणि मागे ४.८८ असेल तर मागची चाके १०० मीटर जाऊ पाहताना पुढची ९१ च मीटर जाऊ पाहतात. चिखलात ती घसरून निभावतील, कोरड्या डांबरावर केसचे दात किंवा एक्सल तुटेल. बदलायचे तर दोन्ही, आणि क्राऊन-पिनियन नेहमी जोडीनेच, कारण ते दात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. विकत घेण्याआधी पिनियनच्या खाचाही मोजाव्यात, नाहीतर शाफ्टचा काटा त्यावर बसतच नाही. आणि मूळ रचनेत एवढा बदल करण्याआधी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ समजून घेऊन आरटीओत विचारावे.

मित्राने आधी लांब शॅकल काढले. पाटे आणि एक्सल यांच्यामध्ये पोलादी पाचर घालून पिनियन पुन्हा केसच्या दांड्याला समांतर केला. कोन मोजताना गाडी जॅकवर नव्हती, चाकांवर उभी होती, कारण जॅकवर एक्सल लोंबते आणि सगळे कोन खोटे येतात. वाक ८.३ अंशांवर आला, म्हणजे साधारण २१०० फेऱ्यांपुरता, ताशी पन्नास-बावन्नपुरता. पुढच्या एक्सलसाठी ४.८८ ची जोडी अजून मिळालेली नाही. तोपर्यंत जीपच्या डॅशबोर्डवर पांढऱ्या रंगात ‘५०’ लिहिले आहे, आणि गेल्या पावसाळ्यापासून क्रॉस तोच आहे.